कैलासाच्या वाटेवरचे गोंपा

कैलासाच्या परिक्रमेची पहिली रात्र बहुतेक यात्रेकरू डिरापुकला काढतात. उंची पाच हजार मीटरच्या आसपास, डोकं ठणकत असतं, घास घशाखाली उतरत नाही, आणि समोर कैलासाची उत्तरेकडची काळीभोर कातळभिंत उभी. सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळलेले. मागे, ल्हा-चू नदीच्या पलीकडच्या उतारावर एक गोंपा, म्हणजे तिबेटी बौद्ध मठ, आहे. तिथवर चढून जाण्याचं त्राण फारसं कुणात उरलेलं नसतं. यात्रेहून परतलेल्यांच्या गप्पांत कैलास असतो, मानसरोवर असतं, डोल्मा खिंडीतली धाप असते; गोंपा मात्र ‘वाटेत दोन-तीन मठही लागले’ एवढ्यावर आटोपतात. गंमत अशी, की आपण ज्या पायवाटेवरून जातो ती वाट, तिथल्या परंपरेप्रमाणे, याच मठवाल्यांनी पाडलेली आहे.

वाट शोधणाऱ्याचं नाव सांगतात ते गोत्सांगपा. हे तिबेटी बौद्धांतल्या द्रुकपा काग्यू पंथाचे साधक, काळ ११८९ ते १२५८. तेराव्या शतकात ते इथे ध्यानाला आले. या निर्जन खोऱ्यात त्यांना याकच्या जातीची एक रानटी गाय दिसली. तिबेटीत याक म्हणजे फक्त नर. मादी ती ‘डी’. तिच्या मागे ते एका गुहेपर्यंत गेले आणि ती आत दिसेनाशी झाली. खडकावर तिच्या शिंगांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. ‘डिरा’ म्हणजे त्या डीचं शिंग आणि ‘पुक’ म्हणजे गुहा. पुढे खिंडीकडे जाताना ते वाट चुकले, तेव्हा २१ लांडग्यांनी त्यांना वर नेलं आणि खिंडीच्या माथ्यावर ते सगळे एका शिळेत विरून गेले. ते लांडगे म्हणजे तारादेवीची २१ रूपं. तारा म्हणजे तिबेटीत डोल्मा, म्हणून ही डोल्मा ला. उंची सुमारे ५,६३० मीटर, परिक्रमेतली सर्वांत उंच जागा. ही तारा आपल्याला अगदीच परकी नाही. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत ती भेटते, औरंगाबादच्या लेण्यांतही भेटते. संकटात वाट दाखवणारी, तारून नेणारी, हीच तिची तिथलीही ख्याती.

गुहा आधी, इमारत नंतर, हा इथला क्रम. परिक्रमेतल्या गोंपांचा इतिहास वाचायचा तर भिंती बघून उपयोग नाही. सह्याद्रीतल्या विहारांशी याची तुलना करायचा मोह होतो, कारण दोन्हीकडे भिक्षू आहेत, डोंगर आहे आणि पायथ्याशी व्यापाराची वाट आहे. पण कार्ले, जुन्नरची लेणी दात्यांच्या पैशावर कारागिरांनी आखून कोरली. इथे मात्र एखादा एकटा माणूस नैसर्गिक कपारीत वर्षानुवर्षं बसला, तो गेल्यावर शिष्यांनी कपारीला भिंत घातली, पुढे भिंतीवर छप्पर आलं, आणि बऱ्याच काळाने त्याला मठ म्हणू लागले.

अशा एकट्या माणसांतला सर्वांत लाडका मिलारेपा. अकराव्या-बाराव्या शतकातला हा योगी, अंगावर एक सुती वस्त्र, आहार बिच्छू नावाच्या दाहक झुडपाच्या पाल्याचा, तोंडी गाणी. पूर्वेकडच्या खोऱ्यातला झुटुलपुक गोंपा त्याच्या गुहेभोवती उभा आहे. झुटुलपुक म्हणजे चमत्काराची गुहा. गोष्ट अशी: मिलारेपा आणि तिथल्या जुन्या बोन धर्माचा आचार्य नारो बोनचुंग यांच्यात कैलास कुणाचा यावरून चढाओढ लागली होती. मध्येच पाऊस आला. दोघांनी आडोसा बांधायचं ठरवलं. मिलारेपाने नुसत्या नजरेने शिळा दुभंगली. छताचा दगड नारो बोनचुंगला पेलेना, तोही मिलारेपानेच उचलून ठेवला. मग छत जरा खाली वाटलं म्हणून त्याने आतून हाताने वर रेटलं. फार वर गेलं म्हणून बाहेर जाऊन पायाने खाली दाबलं. गुहेच्या छतावर त्याच्या हाताचे आणि डोक्याचे ठसे म्हणून जे खळगे दाखवतात, त्यांवर यात्रेकरू आजही कपाळ टेकतात.

शेवटची पैज शिखर आधी कोण गाठतो याची होती. नारो बोनचुंग पहाटेच आपल्या ढोलावर बसून उडाला. मिलारेपा निवांत झोपून राहिला आणि सूर्याच्या पहिल्या किरणासरशी माथ्यावर पोहोचला. दचकलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या हातून ढोल निसटला आणि घरंगळत गेला. कैलासाच्या दक्षिण अंगावरची उभी खाच ती त्याचीच. हरलेल्याला मिलारेपाने मूठभर बर्फ भिरकावून शेजारचा एक डोंगर देऊन टाकला, म्हणजे तिथून त्याला कैलास दिसत राहील.

ही गोष्ट जिंकणाऱ्यांनी सांगितलेली आहे, हे लक्षात ठेवून ऐकावी. कैलासाच्या पश्चिमेला शांगशुंग नावाचं जुनं राज्य होतं. सातव्या शतकात मध्य तिबेटच्या राजसत्तेने, सोंगत्सेन गाम्पोच्या काळात, ते गिळलं. बोन धर्माची मुळं त्या राज्यात, आणि कैलास, त्यांचा ‘तिसे’, त्यांच्या श्रद्धेचा गाभा. त्यामुळे पावसातल्या आडोशाची गोष्ट म्हणजे एका डोंगराचा ताबा कसा बदलला याची लोकांनी ठेवलेली आठवण आहे. बोन मात्र संपला नाही. त्याचे अनुयायी आजही उलटी परिक्रमा करतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. डिरापुककडे चालताना समोरून येणारी तिबेटी कुटुंबं दिसली, की ती वाट चुकलेली नसतात.

ताबा बदलल्याची दुसरी कथा आपल्या जास्त जवळची आहे. तांत्रिक बौद्ध परंपरा सांगते, की या शिखरावर महेश्वराचं आसन होतं. चक्रसंवर, तिबेटीत डेमचोक, या तांत्रिक बौद्ध देवाने त्याला नमवून ते घेतलं. डेमचोकचं रूप पाहावं: निळा वर्ण, कमरेला वाघाचं कातडं, मुंडमाळा, मिठीत शक्ती वज्रवाराही. मराठी यात्रेकरूने गोंपातलं हे चित्र पाहून नकळत ‘शंकर-पार्वती’ म्हणावं आणि पुजाऱ्याने मान हलवावी, यात दोघांचंही फारसं चुकत नाही.

कथांमधून इतिहासाच्या ठाम जमिनीवर यायचं तर दहाव्या शतकाच्या शेवटाकडे जावं लागतं. पश्चिम तिबेटात गुगे आणि पुरांगच्या राजांनी बौद्ध धर्माला नवी उभारी दिली. ९९६ च्या सुमारास थोलिंगचा मठ उभा राहिला. राजाश्रयाने काश्मीरला शिकायला पाठवलेला रिनचेन झांगपो (९५८–१०५५) हा भाषांतरकार त्या काळाचा मोठा माणूस. विक्रमशीलेचे आचार्य अतीश १०४२ मध्ये थोलिंगला आले आणि तीन वर्षं पश्चिम तिबेटात राहिले. पुरांगजवळ कर्णालीच्या काठावरचं खोजरनाथ, तिबेटी नाव खोरचाग, याच काळातलं. तिथल्या तीन उभ्या मूर्ती प्रसिद्ध आहेत: मधे मंजुश्री, दोन बाजूंना अवलोकितेश्वर आणि वज्रपाणी. भारतातून जाणारे यात्रेकरू मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथे राम, लक्ष्मण, सीता यांचं दर्शन घेत आले. मठातल्या लामांनी या गैरसमजाला कधी फार विरोध केलेला दिसत नाही.

खुद्द कैलासाभोवती वस्ती वाढली ती बाराव्या-तेराव्या शतकात. डिकुंग काग्यू पंथाचे प्रवर्तक जिगतेन सुमगोन (११४३–१२१७) यांनी कैलास, लाप्ची आणि त्सारी या तीन पर्वतांकडे साधकांचे जथेच्या जथे धाडले. शिखराच्या दक्षिण कुशीतला ग्यांगडाक गोंपा त्यांचाच. तो आतल्या परिक्रमेवर येतो, आणि बाहेरच्या १३ परिक्रमा झाल्याशिवाय आत जाऊ नये असा तिथला दंडक आहे. एकाच डोंगराभोवती द्रुकपांचे, डिकुंगांचे मठ आणि वरून बोनवाल्यांचा दावा. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्री पुजेच्या मानावरून जे चालतं, त्याहून हे फार वेगळं नसावं.

इथून पुढचा भाग नकाशावर बोट ठेवून वाचावा असा आहे. सतराव्या शतकात लडाखचे राजे द्रुकपा पंथाचे होते. त्यांनी दारचेन आणि परिक्रमेतले काही मठ भूतानच्या द्रुकपांकडे सोपवले. म्हणजे भूतानपासून शेकडो किलोमीटर दूर, तिबेटच्या पोटात, भूतानची मालकी! आज जिथे यात्रेकरूंच्या गाड्या थांबतात त्या दारचेनला भूतानचा अधिकारी बसत असे आणि मठांचा कारभार पाहत असे. ही व्यवस्था १९५९ पर्यंत टिकली. लडाख आणि तिबेट यांच्यात १६८४ मध्ये तिंगमोसगांगचा तह झाला. लडाखने पश्चिम तिबेट गमावला, पण मिनसार नावाचं एक गाव राखून ठेवलं, कारण कैलासावरच्या दिवाबत्तीचा आणि पूजेचा खर्च त्या गावच्या महसुलातून भागायचा होता. आपल्या भाषेत ते देवस्थानाचं इनाम गाव. पुढे जम्मूच्या डोग्र्यांनी लडाख घेतलं, तेव्हा मिनसारचा हक्कही त्यांच्याबरोबर जम्मू-काश्मीरकडे आला. तुपाच्या, खरं म्हणजे डीच्या दुधाच्या लोण्याच्या, दिव्यांसाठी राखलेलं गाव तीन राजवटी ओलांडून कागदोपत्री जिवंत राहिलं. लढायांच्या इतिहासापेक्षा मला हा तपशील जास्त बोलका वाटतो.

लढायाही झाल्याच. १८४१ मध्ये डोग्रा सेनापती जोरावरसिंग फौज घेऊन मानसरोवरापर्यंत आला; वाटेतल्या मठांची लूट झाली. डिसेंबरच्या थंडीत पुरांगमधल्या तकलाकोटजवळ तोयो इथे तो पडला. त्याची समाधी तिथे आहे, आणि ज्यांचे मठ त्याने लुटले त्याच मुलखातले लोक तिला दबकून मान देत आले.

मानसरोवराच्या काठची गोष्ट वेगळी. तिथे आठ गोंपा होते, चक्राच्या आठ आऱ्यांसारखे: गोसुल, चिऊ, चेरकिप, लांगबोना, पोनरी, सेरालुंग, येर्नगो आणि ठुगोलो. ‘चिऊ’ म्हणजे लहान पक्षी. आपली चिऊ इथे कुठून आली असं वाटतं, पण हा निव्वळ योगायोग आहे. मानसरोवर आणि शेजारचं राक्षसताल सरोवर यांना जोडणाऱ्या गंगा-चू या ओढ्याजवळच्या सुळक्यावर तो बसलेला आहे. तिबेटातले आपले शेवटचे सात दिवस गुरू पद्मसंभवांनी तिथल्या गुहेत काढले असं मानतात. जुन्या काळी हे मठच धर्मशाळा होते. बर्फाळ वाऱ्यात तंबू तग धरेना, की यात्रेकरू, व्यापारी, लोकरीचे सौदागर गोंपाच्या भिंतीआड येत. स्वामी प्रणवानंदांनी १९३६-३७ मध्ये ठुगोलोला सबंध वर्ष मुक्काम केला, सरोवर गोठताना आणि फुटताना पाहिलं, त्याची मोजमापं घेतली. त्यांच्याआधी जपानी भिक्षू एकाई कावागुची १९०० मध्ये आणि स्वीडनचा स्वेन हेडिन १९०७ मध्ये इथे येऊन गेले. हेडिन गोसुलच्या गच्चीवरून सरोवर बघत राहिला होता. या साऱ्यांना गोंपाचं दार ठोठावावंच लागलं. हॉटेलं नव्हती.

मग दारं बंद होत गेली. भारत-चीन यांच्यातल्या २९ एप्रिल १९५४ च्या करारात लामा, हिंदू आणि बौद्ध पंथांच्या भारतीय यात्रेकरूंना रिवाजाप्रमाणे कैलास-मानसरोवराला जाता येईल असं स्पष्ट लिहिलं होतं. तो करार १९६२ मध्ये संपला आणि युद्धाने उरलंसुरलं संपवलं. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात कैलासाभोवतालचे आणि सरोवराकाठचे गोंपा पाडले गेले. तकलाकोटच्या टेकडीवरचा सिंबिलिंगचा मोठा मठ तोफांनी उडवला. दगड, लाकूड, पोथ्या, मूर्ती, जे हाताला लागलं ते गेलं. गुहा तेवढ्या राहिल्या, त्या पाडायच्या कशा?

१९८१ मध्ये लिपुलेख खिंडीतून भारतीय यात्रा पुन्हा सुरू झाली, आणि त्याच दशकात गोंपाही एकेक करून पुन्हा बांधले गेले. आज डिरापुक किंवा झुटुलपुकला जी इमारत दिसते ती आपल्यापैकी अनेकांच्या वयाहून लहान आहे. काही प्रवासी यामुळे हिरमुसतात, ‘जुनं काही नाहीच’ म्हणतात. त्यांनी आतल्या अंधारात चार पावलं पुढे जावं. २०१५ मध्ये सिक्कीममधल्या नाथू ला खिंडीचा मार्ग खुला झाला, २०२० पासून पाच वर्षं यात्रा बंद राहिली, २०२५ च्या जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली. २०२६ हे तिबेटी पंचांगातलं अश्ववर्ष. बारा वर्षांतून येणाऱ्या या वर्षी एक परिक्रमा केली की अनेक परिक्रमांचं पुण्य लागतं अशी श्रद्धा असल्याने ५२ किलोमीटरची ही वाट एरवीपेक्षा गजबजते. त्यात दंडवत घालत जाणारेही असतात. त्यांना एक फेरा पुरा करायला दोन-तीन आठवडे लागतात.

परिक्रमेत पहिला लागतो तो चुकू गोंपा, पश्चिमेच्या खोऱ्यात डाव्या हाताच्या कड्यावर. बहुतेक जण खालूनच हात जोडून पुढे जातात. त्यातली अमिताभाची पांढरी मूर्ती लाहौलमधून आली असं सांगतात, म्हणजे आजच्या हिमाचलातून. तिच्यासोबत एक शंख आणि चहाची एक मोठी कढई. एकदा गुगेच्या राजाचे शिपाई हा ठेवा उचलून घेऊन निघाले. शंख हातातून सुटून हवेतून परत आला. कढईत चहा ठेवला तर पाण्याचं रक्त झालं. मूर्ती पावलागणिक जड होत गेली. अखेर शिपायांनी ती खडकात टाकून दिली, आणि एका म्हाताऱ्याने ती अलगद उचलून पुन्हा वर नेऊन ठेवली.