हौशी मोटार रॅली : स्पर्धकांची व्यवस्था व नियम

रोजच्या वापरातल्या गाड्या घेऊन, आखून दिलेल्या मार्गाने, नेमून दिलेल्या वेळेत जाण्याची एक दिवसाची स्पर्धा. ती बहुधा एखादा मोटार क्लब भरवतो आणि रहदारी चालू असलेल्या रस्त्यांवरच होते. गाडीत दोघे असतात, एक चालक आणि दुसरा नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग आणि वेळ यांचा हिशेब ठेवून चालकाला सांगणारा. जिंकण्यासाठी सर्वांत आधी पोहोचावे लागत नाही. आयोजकांनी ठरवलेल्या वेळेच्या सर्वांत जवळ राहावे लागते. या प्रकाराला टाइम-स्पीड-डिस्टन्स किंवा थोडक्यात टीएसडी रॅली म्हणतात, युरोपात रेग्युलॅरिटी रॅली. रस्ता बंद करून त्याच्या ठराविक तुकड्यांवर, म्हणजे स्टेजवर, निव्वळ वेग मोजणारी रॅली ही वेगळी गोष्ट. मात्र टाइम कार्ड (वेळा नोंदवायचे कार्ड), कंट्रोल (मार्गावरची नोंदीची ठाणी), मार्शल (तिथले स्वयंसेवक), गाड्यांची तपासणी हा सांगाडा दोन्हींत जवळपास एकच असतो.

रॅली या नावाने ओळखली जाणारी पहिली मोठी स्पर्धा १९११ साली माँटे कार्लोला झाली. युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघून गाड्या तिथे जमल्या. निकाल लावताना गाडीचा डौल, आतल्या माणसांची सोय आणि पोहोचताना गाडीची अवस्था यांनाही गुण होते, आणि त्यावरून बरीच वादावादी झाली. कसोटी मोघम असली की असे होतेच. आज हौशी रॅलीतही गुण फक्त मोजता येणाऱ्या गोष्टींना दिले जातात, म्हणजे वेळ, मार्ग आणि नियमभंग. आंतरराष्ट्रीय पातळीवर मोटार क्रीडेचे नियम एफआयए ही १९०४ साली स्थापन झालेली संस्था ठरवते, देशोदेशीचे महासंघ त्यांच्या आधारे आपापले नियम करतात, आणि क्लब त्या चौकटीत आपल्या स्पर्धेची पत्रिका काढतो.

नियमपत्रिका आणि प्रवेशिका

स्पर्धेची सुरुवात या पत्रिकेपासून होते. तिला पूरक नियम म्हणतात. प्रवेशिकेची शेवटची तारीख, शुल्क, गाड्यांची कमाल संख्या, वर्ग, दंडाचे कोष्टक, तक्रारीची मुदत आणि अधिकाऱ्यांची नावे तिच्यात असतात. पत्रिका निघाल्यावर काही बदलायचे झाले, तर क्रमांक आणि तारीख घातलेले परिपत्रक अधिकृत सूचना फलकावर लावावे लागते; तोंडी सांगितलेला बदल धरला जात नाही. नवख्या जोड्या पत्रिकेतले दंडाचे कोष्टक शेवटी वाचतात किंवा वाचतच नाहीत, आणि नेमका तिथेच स्पर्धेचा स्वभाव कळतो. लवकर आल्याचा दंड उशिराच्या दुप्पट आहे का, एक पॅसेज कंट्रोल (फक्त मार्ग तपासणारे ठाणे) चुकल्यास किती गुण जातात, एका कंट्रोलवर जास्तीत जास्त किती दंड लागू शकतो, यांवर दिवसभराचे डावपेच ठरतात.

गाड्यांची संख्या मर्यादित ठेवण्यामागे व्यावहारिक कारण असते. एकेका मिनिटाच्या अंतराने ६० गाड्या सोडायच्या तर सुरुवातीलाच तास जातो, आणि तेवढाच वेळ प्रत्येक कंट्रोल उघडे ठेवावे लागते. ब्रिटनमध्ये क्लबांच्या लहान रॅलीला ‘ट्वेल्व्ह कार’ म्हणतात. तिच्यात १२ च गाड्या घेता येतात.

वर्ग अनुभवावर पडतात : नवखे, मध्यम, तज्ज्ञ. काही ठिकाणी साधनांवरूनही वर्ग पाडतात. गाडीचे ओडोमीटर, घड्याळ आणि कागद एवढ्यावर चालणारे एकीकडे, तर चाकाला सेन्सर लावून सेकंदाचा फरक पडद्यावर दाखवणारे रॅली कॉम्प्युटर घेतलेले दुसरीकडे. हा भेद पाळायलाच हवा. साध्या घड्याळावर आकडेमोड करणाऱ्या जोडीला संगणकाशी एकाच यादीत झुंजायला लावणे अन्यायाचे आहे.

सकाळची कामे

स्पर्धेच्या दिवशी जोडीला ठराविक वेळेत हजेरी लावावी लागते. आधी कागदपत्रे पाहिली जातात. त्यांत चालकाचा परवाना, गाडीची नोंदणी आणि विमा हे मुख्य. विम्याच्या बाबतीत इथे काळजी घ्यावी लागते, कारण खासगी वाहनाच्या अनेक विमापत्रांत स्पर्धेतला वापर वगळलेला असतो. अशा वेळी आयोजकांमार्फत वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्यानंतर जबाबदारीपत्रावर दोघांच्याही सह्या होतात.

पुढे गाडीची तपासणी, म्हणजे स्क्रूटिनी. टायरची नक्षी, ब्रेक, दिवे, हॉर्न, सीटबेल्ट, घट्ट बसवलेली बॅटरी, कुठे तेल गळते का, सायलेन्सरचा आवाज किती, हे पाहतात. अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, धोक्याचा लाल त्रिकोण आणि गाडी ओढायचा दोर जवळ लागतो. मागच्या सीटवर सुटे सामान ठेवू देत नाहीत, कारण जोराचा ब्रेक लागला की तेच पुढे येऊन आदळते. तपासनीसाचा निर्णय वरवर क्षुल्लक वाटला तरी अंतिम परिणाम मोठा असू शकतो. १९६६ च्या माँटे कार्लो रॅलीत पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या मिनी कूपर गाड्या केवळ समोरच्या दिव्यांचे बल्ब नियमात बसत नाहीत म्हणून बाद झाल्या आणि विजेतेपद सित्रोएन चालवणाऱ्या पाउली तोइवोनेन यांच्याकडे गेले. हौशी स्पर्धेत इतकी कठोर वेळ सहसा येत नाही. पण तपासणीत पास झालेली गाडी दिवसभर त्याच स्थितीत ठेवण्याची जबाबदारी स्पर्धकाची असते, हे तत्त्व तिथेही लागू आहे.

गाडीच्या दारांवर क्रमांक चिकटवले की ब्रीफिंग होते. याला हजर राहणे सक्तीचे असते आणि हजेरी घेतली जाते. क्लर्क ऑफ द कोर्स, म्हणजे स्पर्धा चालवणारा मुख्य अधिकारी, रस्त्यावर कालपासून काय बदलले ते इथे सांगतो : कुठे खोदकाम आहे, कुठे वळणावर खडी पडली आहे, कुठल्या वस्तीतून हळू जायचे. अधिकृत घड्याळाची वेळही इथेच मिळते. प्रत्येक नॅव्हिगेटरने आपले घड्याळ त्या वेळेला सेकंदापर्यंत जुळवून घ्यायचे असते. शंका विचारायची जागाही हीच. दिवसभरातल्या अडचणींसाठी स्पर्धक संपर्क अधिकारी नेमलेला असतो. वेगळ्या रंगाच्या जाकिटावरून तो ओळखू येतो.

रोडबुक आणि अंतराचा हिशेब

रोडबुक, म्हणजे मार्ग खुणांनिशी दाखवणारी पुस्तिका, सुटण्याच्या थोडेच आधी हातात देतात, काही स्पर्धांत अगदी शेवटच्या काही मिनिटांत. त्याच्या प्रत्येक ओळीत सुरुवातीपासूनचे अंतर, मागच्या खुणेपासूनचे अंतर आणि एक छोटी आकृती असते. आकृतीत गोल ठिपका म्हणजे आपण जिथून आलो ती बाजू, बाण म्हणजे जायची बाजू. नेदरलँड्समधल्या ट्युलिप रॅलीवरून तिला ट्युलिप म्हणतात. आकृतीत उत्तर नेहमी वर नसते, आपण येतो तो रस्ता खाली असतो. नकाशा वाचायची सवय असलेल्यांचा पहिल्या तासात इथेच गोंधळ होतो. दृष्टिहीन नॅव्हिगेटरांसाठी भरणाऱ्या रॅलींत हेच रोडबुक ब्रेलमध्ये असते. तो वाचणार आणि डोळस चालक त्याच्या सांगण्यावर गाडी नेणार, असा त्या स्पर्धेचा नियम असतो, आणि रॅलीचे मर्म इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

सुरुवातीचा टप्पा बहुधा बिनदंडाचा असतो. तो ओडोमीटर जुळवण्यासाठी दिलेला असतो. आयोजकांच्या मोजणीत १०.०० किमी असलेल्या अंतरावर आपल्या गाडीने १०.३० दाखवले, तर पुढच्या प्रत्येक आकड्याला १.०३ ने गुणायचे, रोडबुकात १२.६० असेल तिथे आपल्याला १२.९८ दिसायला हवे. टायरची हवा, टायरचा आकार, इतकेच काय रस्त्याची खडी यांनीही हा गुणक हलतो. म्हणून तपासणीनंतर हवा कमी-जास्त करू नये.

वेळेचा हिशेब वेगावरून काढतात. ताशी ३६ किमी सरासरीने एका किलोमीटरला १०० सेकंद लागतात, ४० ने ९०, ४५ ने ८०. समजा ७ क्रमांकाची गाडी ९ वाजून ७ मिनिटांनी सुटली. पहिले १२.६० किमी ताशी ३६ ने जायचे म्हणजे २१ मिनिटे, त्यापुढे ताशी ४५. आयोजकांनी १५.३० किमीवर न सांगता कंट्रोल ठेवले आहे. उरलेल्या २.७० किमीचे २१६ सेकंद धरून ही गाडी तिथे ९:३१:३६ ला हवी. ती ९:३१:२० ला आली, तर १६ सेकंद लवकर. लवकरचा दंड दुप्पट असेल तर ३२ गुण गेले. क्रमांक आणि सुटण्याचे मिनिट जुळवून ठेवण्याची पद्धत आहे ती याचसाठी. मार्शलला गाडीच्या दारावरचा आकडा पाहून तिची वेळ लगेच काढता येते.

कंट्रोल आणि टाइम कार्ड

टाइम कार्ड हे दिवसभरातले सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र. ते सांभाळणे, योग्य कंट्रोलवर दाखवणे आणि त्यावर पडलेली नोंद तिथल्या तिथे तपासणे ही संपूर्णपणे जोडीची जबाबदारी असते. नोंद करतो मार्शल. स्पर्धकाने त्यात खाडाखोड केली तर गाडी बाद होऊ शकते. वेळ चुकीची लिहिली गेली असेल तर कंट्रोल सोडण्यापूर्वीच सांगावे, नंतर सांगून उपयोग होत नाही.

उघड टाइम कंट्रोल फलकांनी आखलेले असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत घड्याळाचे चित्र असलेला पिवळा फलक म्हणजे क्षेत्राची सुरुवात, तसाच लाल फलक म्हणजे प्रत्यक्ष कंट्रोल, आणि तिरक्या काळ्या पट्ट्यांचा फिकट फलक म्हणजे शेवट. वेळ होण्याआधी पोहोचलेल्या गाडीने पिवळ्या फलकाच्या अलीकडे थांबायचे. आपल्या मिनिटाच्या आधीचे मिनिट लागले की आत येता येते. नोंद मात्र गाडी थांबल्याच्या क्षणाची होत नाही, कार्ड मार्शलच्या हाती दिल्याच्या क्षणाची होते. वेळ ६:५८ ची असेल, तर ६:५८:०० ते ६:५८:५९ यांत कधीही कार्ड दिले तरी दंड नाही. एक सेकंद आधी दिले की लवकर आल्याची नोंद. म्हणून नॅव्हिगेटर कार्ड हातात धरून घड्याळाकडे पाहत उभा असतो, आणि अनुभवी मार्शल कार्डासाठी स्वतःहून हात पुढे करत नाही.

टीएसडीतल्या छुप्या कंट्रोलवर वेळ सेकंदात मोजतात आणि ते वळणापलीकडे किंवा झाडाआड असते. ते दिसल्यावर गाडी थांबवणे किंवा मुद्दाम रेंगाळणे याला वेगळा दंड असतो. नाहीतर सगळ्याच गाड्या कंट्रोलच्या तोंडाशी वेळ काढत बसतील आणि मागून येणाऱ्या रहदारीला अडथळा होईल. पॅसेज कंट्रोलवर वेळ धरत नाहीत, फक्त मार्ग बरोबर होता याची खूण मिळते. कधी मार्शलऐवजी रस्त्याकडेला अक्षरांचा छोटा फलक असतो. तो पाहून अक्षरे कार्डावर शाईने लिहायची असतात. चुकीच्या रस्त्याने आलेल्या गाडीला तो दिसतच नाही.

लवकर येण्याला दंड हा या खेळातला सर्वांत मोलाचा नियम आहे. तो काढला तर उघड्या रस्त्यावरची शर्यत उरते, आणि तशा शर्यतीला कुठलाही सुजाण क्लब हात लावणार नाही. याच्या जोडीला सरासरी वेगावरही मर्यादा असते. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावरच्या रॅलीत ती ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किमी आहे. वाट चुकल्यावर गेलेला वेळ भरून काढण्यासाठी गाडी दामटण्याचा मोह होतो. त्यावर अनेक पत्रिकांत चांगला उपाय दिलेला असतो : एका कंट्रोलवरच्या दंडाला कमाल मर्यादा. त्यामुळे दहा मिनिटे उशीर झाला तरी जोडी जास्तीत जास्त तेवढेच गुण गमावते आणि पुढच्या टप्प्यापासून पुन्हा शांतपणे सुरू करू शकते. रेल्वेचे फाटक, अपघात, जनावरांचा कळप यांमुळे खोळंबा झाला, तर काही रॅलींत विलंबाची चिठ्ठी भरून पुढच्या कंट्रोलवर देता येते. सवलत मोजून मिळते, आणि चिठ्ठी नंतर जोडता येत नाही.

रस्त्यावरची शिस्त

रहदारीचे सगळे नियम स्पर्धकांना जसेच्या तसे लागू असतात. त्यांचा भंग झाल्याचे कळले तर दंड किंवा बाद करणे हा निर्णय अधिकारी घेतात. वस्तीतून जाताना आवाज आणि प्रखर दिवे आवरावे लागतात. रात्रीच्या रॅलीआधी आयोजक मार्गावरच्या घरी जाऊन कल्पना देतात, आणि जिथे नकार मिळतो तो तुकडा शांतताक्षेत्र ठरतो किंवा वगळला जातो. मार्गावर आधी शून्य क्रमांकाची गाडी जाऊन कंट्रोल लागली आहेत का ते पाहते. शेवटी स्वीपर गाडी येते, ती मागे राहिलेल्यांना गोळा करते आणि कंट्रोल बंद करत जाते.

बिघाड झाला तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन मागच्या बाजूला पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवायचा. स्टेज रॅलीच्या रोडबुकात एका बाजूला लाल ‘एसओएस’ आणि दुसऱ्या बाजूला हिरवा ‘ओके’ असतो. दुखापत असेल तर लाल, नसेल तर हिरवा मागून येणाऱ्याला दाखवायचा. लाल खूण पाहिलेल्या गाडीने थांबून मदत करणे बंधनकारक आहे, त्यात गेलेला वेळ नंतर भरून दिला जातो. स्पर्धा सोडणाऱ्या जोडीने आयोजकांना कळवून कार्ड परत केलेच पाहिजे. न कळवता घरी निघून गेलेल्या एका गाडीपायी सगळी शोधयंत्रणा अंधार पडेपर्यंत रस्त्यावर राहते, आणि मार्शल हे बहुतेक बिनपगारी स्वयंसेवक असतात.

निकाल

शेवटच्या कंट्रोलवर कार्डे जमा झाली की तात्पुरता निकाल वेळ घालून फलकावर लागतो. तिथून तक्रारीची मुदत सुरू होते. ती बहुधा ३० मिनिटांची असते. तक्रार लेखी आणि शुल्कासह द्यावी लागते, मान्य झाली तर शुल्क परत मिळते. त्यावर स्ट्युअर्ड, म्हणजे स्पर्धेचे पंच, निर्णय देतात. ते आयोजनात नसतात, म्हणून क्लर्क ऑफ द कोर्सच्या निर्णयाविरुद्धही त्यांच्याकडे जाता येते. बहुतेक शंका मात्र तक्रारीपर्यंत जात नाहीत. प्रत्येक कंट्रोलची अपेक्षित आणि नोंदलेली वेळ शेजारी-शेजारी लावली की नॅव्हिगेटर स्वतःच आपला चुकलेला गुणाकार शोधून काढतात. दोन जोड्यांचे गुण सारखे निघाले तर ज्यांच्या कार्डावर शून्य दंडाची कंट्रोले जास्त, किंवा सुरुवातीपासून जे अधिक अंतर निर्दोष राहिले, ते वर. यांपैकी कोणता निकष धरायचा हेही पत्रिकेत आधीच लिहिलेले असते. मुदत संपल्यावर निकाल अंतिम होतो आणि गाड्या पार्किंगमधून हलवायला परवानगी मिळते.