‘जशी आहे तशी’वर सही केली, तरी डीलर सुटत नाही

जुनी गाडी घेताना ‘जशी आहे तशी’ या ओळीखाली सही केली की पुढे काहीच करता येत नाही, ही समजूत वर्षानुवर्षं चालत आली आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे फसलेली माणसं गप्प बसतात याचं फार वाईट वाटतं. झिजलेल्या क्लचपुरती ती ओळ ठीक. अपघात लपवणं, ओडोमीटर मागे फिरवणं ही मात्र फसवणूक, आणि फसवणुकीला तिचा आडोसा सहसा मिळत नाही.

इंग्लंडमधला १९६५ चा निकाल पाहा. इंजिन बदलल्यापासून गाडी २०,००० मैल चालली, असं डीलरने सांगितलं. प्रत्यक्षात आकडा सुमारे १,००,००० होता. न्यायालयाने ते तोंडी वाक्यच हमी मानलं आणि भरपाई दिली. उलट १९५७ मध्ये, नोंदणीपुस्तकावर विसंबून गाडीचं साल चुकीचं सांगणारा खासगी विक्रेता सुटला होता. डीलरला खरं शोधता येतं, हा फरक.

करार रद्द करून पैसे परत मागता येतात, किंवा गाडी ठेवून भरपाई. रद्द करायचं तर उशीर नको: खोटं कळल्यावरही गाडी वापरत राहिलात, तर करार मान्य केला असं धरलं जाऊ शकतं. जाहिरात आणि मेसेज आधी जपून ठेवा.