लैंगिक संसर्गाची तपासणी : वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातील सोय, पात्रता आणि कागदपत्रे

महाविद्यालयाच्या आरोग्य केंद्रात ताप-खोकल्याची औषधे मिळतात; परंतु लैंगिक संसर्गाच्या तपासणीसाठी विद्यार्थ्याला बहुधा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच जावे लागते. तेथे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली दोन सोयी असतात. एचआयव्हीच्या चाचणीसाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘आयसीटीसी’. आणि स्त्राव, व्रण, खाज अशा तक्रारींसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’, जे बहुधा त्वचा व गुप्तरोग विभागाशी किंवा स्त्रीरोग विभागाशी जोडलेले असते. खिडकीवर मोठ्याने आजार सांगण्याची गरज नाही. ‘आयसीटीसी कुठे आहे’ एवढे विचारले तरी पुरते.

पात्रतेची अट जवळजवळ नाहीच. अठरा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती, विवाहित असो वा अविवाहित, स्वतःच्या संमतीने तपासणी करून घेऊ शकते. पालकांची सही किंवा महाविद्यालयाचे पत्र लागत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या एचआयव्ही चाचणीला मात्र पालकांची संमती लागते, आणि अशा वयात लैंगिक संबंध आल्याचे समजल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक ठरते, हे आधीच माहीत असलेले बरे.

कागदपत्रांचीही फारशी चिंता नको. केसपेपरसाठी नाव, वय आणि पत्ता सांगावा लागतो. एचआयव्ही चाचणीसाठी ओळखपत्र सक्तीचे नाही. संकोचापोटी काही जण खोटे नाव सांगतात. ते समजण्यासारखे असले, तरी पुढच्या भेटीत जुनी नोंद सापडत नाही आणि उपचाराची साखळी तुटते. आयसीटीसीतील चाचणी मोफत असते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने तेथे केसपेपरचे किरकोळ शुल्क द्यावे लागू शकते.

आयसीटीसीत समुपदेशक आधी बंद खोलीत बोलतो, संमती घेतो आणि मगच रक्त घेतले जाते. पहिल्या चाचणीत संसर्गाची शंका आली, तरी तेवढ्यावरून निदान होत नाही; वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्या जुळल्यावरच अहवाल ‘पॉझिटिव्ह’ दिला जातो. अहवाल त्याच व्यक्तीच्या हातात, पुन्हा समुपदेशनासह मिळतो.

खरी चूक होते ती वेळेची. संबंध आल्यानंतर आठवडाभरात केलेली एचआयव्ही चाचणी निर्दोष आली, म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, दिसू लागायला काही आठवडे जातात. तीन महिने उलटल्यावर चाचणी पुन्हा करावी. याउलट धोका नुकताच, 72 तासांच्या आत घडला असेल, तर ओपीडीची वाट न पाहता तातडीच्या विभागात जाऊन प्रतिबंधक औषधांबद्दल, म्हणजे ‘पीईपी’बद्दल विचारावे.

सुरक्षा क्लिनिकमध्ये सिफिलिससाठी रक्त तपासतात, परंतु इतर अनेक संसर्गांवर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता लक्षणांवरून उपचार सुरू होतात. त्यासाठी औषधांची रंगांनुसार सात किट ठरलेली आहेत. व्रणाच्या उपचारात पेनिसिलिनचे इंजेक्शन असते, म्हणून त्याची अ‍ॅलर्जी असल्यास ते आधीच सांगावे. अशा रुग्णांसाठी निळे किट वेगळे आहे. जोडीदाराचाही उपचार व्हावा, असा डॉक्टरांचा आग्रह असतो, कारण अन्यथा संसर्ग परत येतो.

गोपनीयतेला कायद्याचा आधार आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 2017 नुसार शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी कोणी असा अहवाल मागितला, तर तो देण्यास नकार देता येतो. जाण्याआधी शंका विचारायच्या असल्यास 1097 ही निःशुल्क हेल्पलाइन आहे.

एचआयव्हीचे निदान झाल्यास समुपदेशक एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्राकडे, पाठवतो आणि तेथील नोंदणीला छायाचित्र व पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा. सिफिलिसचा उपचार झालेल्यांना पुढील काही महिन्यांत रक्त पुन्हा तपासावे लागते आणि डॉक्टर आधीच्या रक्तचाचणीतील आकड्याशी नव्याची तुलना करतात. म्हणून पहिला केसपेपर वसतिगृहाच्या कपाटात का होईना, जपून ठेवावा.