लाइन मोकळी, तरी फोन लागेना? लाइन वाढवण्याआधी हे वाचा

आम्ही ऑफिसांच्या फोन यंत्रणा सांभाळतो. सकाळी साडेदहा-अकराला कोल्हापूरच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून आम्हाला ठरलेला फोन येतो. "तीस लाइनींची पीआरआय (एकाच जोडणीतून अनेक लाइनी) घेतलीय. सोळा जण बोलत असले की सतराव्याचा फोन लागत नाही. आणखी लाइन टाका." अशा वेळी लाइन टाकून देणं आमच्या सोयीचं असतं, पण बहुतेकदा दोष लाइनचा नसतोच.

बाहेरून आलेला आवाज नेटवर्कवर पाठवण्याआधी गेटवेतली (बाहेरची लाइन आणि ऑफिसचं नेटवर्क जोडणाऱ्या मशीनमधली) डीएसपी, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारी चिप, त्याची डेटा पाकिटं करते. हे ज्या पद्धतीने होतं तिला कोडेक म्हणतात. जी.७११ साधा, चिपवर भार कमी. जी.७२९ आवाज आवळून बसवतो, त्यामुळे चिपला घाम फुटतो. सिस्को कंपनीच्या गेटवेत बसणाऱ्या पीव्हीडीएम-२ या डीएसपी कार्डाचंच बघा. त्यातली एक चिप जी.७११ चे १६ कॉल पेलते, हलक्या जी.७२९ए चे ८ आणि मूळ जी.७२९ चे फक्त ६. म्हणजे दोन चिपांचं कार्ड असेल तर कोडेकप्रमाणे ३२, १६ किंवा १२ कॉल. सतरावा कॉल का अडला ते इथे कळतं.

शाखेचा फोन एक कोडेक बोलतो आणि समोरची यंत्रणा दुसरा, असं झालं तर मध्ये दुभाषी लागतो, हुबळीच्या व्यापाऱ्याशी बोलताना लागतो तसा. हे कामही चिपच करते. गेटवेवरची कॉन्फरन्सही तिच्याच डोक्यावर. दोन्ही टोकांचे आयपी फोन (थेट नेटवर्कवर चालणारे फोन) एकच कोडेक बोलत असतील तर मात्र चिपला हात लावायची गरज नसते.

मग जी.७२९ ठेवतात कशाला? एका कॉलला जी.७११ ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट) घेतो, पाकिटाचे हेडर (पत्ता वगैरे मजकूर) धरून साधारण ८०. जी.७२९ ८ घेतो, हेडरसकट २४. इंटरनेट महाग होतं तेव्हा हा हिशोब बरोबर होता. आता दारात फायबर आहे, पण सेटिंग कुणी बदललेली नाही! आमच्या मते ऑफिसच्या आत जी.७११ च ठेवावा. होल्डवरचं गाणं घोगरं, तुटक वाजत असेल तर तुमच्याकडेही बहुधा जी.७२९ चालू आहे.

सिस्कोच्या गेटवेवर 'शो व्हॉइस डीएसपी' कमांड दिली की कोणत्या चिपवर कोणता कोडेक चालू आहे ते दिसतं. एखादी चिप बंद पडलेली असेल तर तीही इथेच सापडते. ॲस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या एक्स्चेंजमध्ये बहुधा वेगळी चिप नसते, सगळा भार प्रोसेसरवर येतो. तिथे कॉल अडण्याआधी आवाज फाटायला लागतो.

देखभाल करारात आम्ही चिपवरच्या भाराची दर पाच मिनिटांनी नोंद घेतो आणि दिवसातला सर्वांत जास्त आकडा बघतो. सरासरी फसवते, कारण रात्रीचं बंद ऑफिस तिला खाली ओढतं.

तुमच्याकडून एवढंच हवं. फोन अडला की वेळ लिहून ठेवा, कॉल आत येणारा होता की बाहेर जाणारा तेही लिहा. आणि आम्ही पोचेपर्यंत मशीन बंद-चालू करू नका. रिस्टार्ट केला की त्या क्षणाचे आकडे पुसले जातात आणि आम्हाला पुढच्या गर्दीची वाट बघत बसावं लागतं.