वॉशिंग्टन राज्यातील पिस्तूल परवाना : अर्ज शहराकडे, नियम मात्र राज्याचे

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात कपड्यांआड पिस्तूल बाळगून घराबाहेर पडायचे असेल, तर ‘कन्सील्ड पिस्तूल लायसन्स’ काढावे लागते. हा अर्ज गावच्या पोलीस ठाण्यातही देता येतो, त्यामुळे रेडमंड, बॉथेल यांसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा असा समज होणे स्वाभाविक आहे की, शस्त्रांचे नियमही ज्या त्या शहराची सिटी कौन्सिल ठरवत असावी. महाराष्ट्रात शस्त्र परवाना जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात आणि नगरपालिकेचा त्यात कोठेही संबंध येत नाही, म्हणून तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. येथे मात्र अर्ज स्वीकारणारा पोलीसप्रमुख शहराचा नोकर असतो, आणि तरीही पात्रतेची अट, शुल्क किंवा कागदपत्र यांपैकी काहीही वाढवण्याचा अथवा कमी करण्याचा अधिकार त्या शहराला नसतो. अर्ज करण्यापूर्वी ही विभागणी नीट समजून घेणे अर्जदाराच्या हिताचे आहे.

एरवी या राज्यातील लहान शहरांचे अधिकार तोकडे नाहीत. राज्यघटनेच्या अकराव्या प्रकरणातील अकराव्या कलमाने प्रत्येक शहराला आपल्या हद्दीत सुव्यवस्था, आरोग्य व तत्सम बाबींचे नियम करण्याची मुभा दिली आहे. अट एवढीच की, ते राज्याच्या सर्वसाधारण कायद्यांशी विसंगत नसावेत. ‘कोड सिटी’ या वर्गात मोडणाऱ्या शहरांना तर कायद्याने स्पष्टपणे नाकारलेले नाहीत असे सर्व अधिकार मिळतात, आणि राज्यातील बहुसंख्य शहरे याच वर्गातील आहेत. शस्त्रांच्या बाबतीत मात्र राज्याने १९८३ साली हे क्षेत्र स्वतःकडे राखून ठेवले. राज्याच्या कायदेसंहितेचे कलम ९.४१.२९० सांगते की, बंदुकांची नोंदणी, परवाने, बाळगणे, विक्री, हस्तांतर आणि वापर यांचे नियमन राज्यच करील, आणि शहरांना राज्याने नेमकी परवानगी दिली असेल तेवढेच नियम करता येतील.

ही परवानगी कलम ९.४१.३०० मध्ये आहे आणि ती मोजकीच आहे. माणसे, पाळीव जनावरे किंवा मालमत्ता यांना धोका पोहोचण्याचा संभव असेल अशा भागात शहर गोळीबाराला मनाई करू शकते. मात्र स्वसंरक्षणाच्या हक्काला त्याने बाधा येता कामा नये. शहर चालवत असलेल्या स्टेडियममध्ये व संमेलन केंद्रात शस्त्र आणण्यास मनाई करता येते, परंतु कन्सील्ड पिस्तूल लायसन्स असलेल्या व्यक्तीला ती लागू होत नाही. बंदुकांचे दुकान कोणत्या भागात असावे हेही शहर ठरवू शकते. मात्र शाळेपासून ५०० फुटांच्या आतील जागा वगळता अशा दुकानाला त्याच भागातील इतर दुकानांपेक्षा कडक नियम लावता येत नाहीत.

या मर्यादेचा अनुभव एडमंड्स शहराने घेतला. घरातील बंदूक कुलूपबंद ठेवण्याची सक्ती करणारा अध्यादेश या शहराने २०१८ मध्ये संमत केला आणि २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द ठरवला. घरात मुले असताना बंदूक कुलपात असलीच पाहिजे असे माझेही ठाम मत आहे. पण अध्यादेशाचा हेतू चांगला होता की वाईट हा न्यायालयापुढील प्रश्नच नव्हता, प्रश्न फक्त तो करण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच होता. याउलट स्क्विम या छोट्या शहराने आपले संमेलन केंद्र बंदुकांच्या प्रदर्शनासाठी देताना खासगी व्यक्तींमधील खरेदीविक्रीवर बंधने घातली, तेव्हा २००६ मध्ये त्याच न्यायालयाने ती ग्राह्य धरली. शहराने तेथे नागरिकांसाठी कायदा केला नव्हता, तर आपल्या जागेचा मालक या नात्याने जागा देण्याच्या अटी ठरवल्या होत्या.

आता प्रत्यक्ष अर्जाविषयी. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. शहराच्या हद्दीत राहणाऱ्याला शहराच्या पोलीसप्रमुखाकडे किंवा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरीफकडे, म्हणजे तेथील पोलीसप्रमुखाकडे, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. हद्दीबाहेर राहणाऱ्याने शेरीफकडेच जावे लागते. सॅमॅमिशसारखी काही शहरे स्वतःचे पोलीस दल न ठेवता शेरीफच्या कार्यालयाशी करार करतात, हे तेथील रहिवाशांनी ध्यानात ठेवावे. गंभीर गुन्ह्यात किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात दोषी ठरलेली व्यक्ती, जिच्याविरुद्ध अटक वॉरंट प्रलंबित आहे अशी व्यक्ती, तसेच न्यायालयाच्या आदेशाने किंवा मानसिक उपचारांसाठी सक्तीने दाखल केले गेल्यामुळे शस्त्र बाळगण्यास अपात्र ठरलेली व्यक्ती परवान्यास पात्र नसते. अशी कोणतीही अपात्रता नसेल, तर परवाना देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. ‘तुम्हाला पिस्तूल कशासाठी हवे’ हे सिद्ध करावे लागत नाही.

सोबत राज्याचे वैध ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र न्यावे आणि त्यावरील पत्ता चालू असल्याची आधीच खात्री करून घ्यावी. अर्जात नाव, निवासाचा पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थान आणि शारीरिक वर्णन भरावे लागते व दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे द्यावे लागतात. अर्जावरील सही म्हणजे मानसिक आरोग्यविषयक संस्थांनी पात्रतेपुरती माहिती पोलिसांना द्यावी अशी लेखी संमतीही असते, म्हणून सही करण्यापूर्वी तो मजकूर शांतपणे वाचावा. मूळ शुल्क ३६ डॉलर असून एफबीआयचा ठसे तपासणीचा आकार वेगळा पडतो. या ३६ डॉलरांपैकी शहराच्या वाट्याला किती आणि राज्याच्या तिजोरीत किती जावेत, हेही कायद्यानेच ठरवून दिले आहे.

निर्णय ३० दिवसांत व्हावा लागतो. राज्याचे ओळखपत्र नसेल किंवा राज्यात येऊन सलग ९० दिवस झाले नसतील, तर ही मुदत ६० दिवसांची होते. नोकरीनिमित्त नुकतेच दुसऱ्या राज्यातून आलेल्यांनी एवढा वेळ गृहीत धरावा. कामकाजाच्या वेळेत पूर्ण भरलेला अर्ज घेण्यास नकार देता येत नाही, आणि कायद्यात नसलेली माहिती अर्जदाराकडे ‘ऐच्छिक’ म्हणूनसुद्धा मागता येत नाही. परवाना चुकीने नाकारला गेला किंवा अटी बदलल्या गेल्या, तर दिवाणी दावा लावता येतो.

ज्यांच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व नाही त्यांनी या ठिकाणी विशेष सावध राहावे, असे मी कळकळीने सांगतो. ग्रीन कार्डधारकांना शस्त्र बाळगण्यासाठी राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांची स्थिती मात्र अगदी निराळी आहे. संघराज्याच्या कायद्यानुसार त्यांनी बंदूक किंवा काडतुसे बाळगणे हाच मुळात गुन्हा आहे, आणि अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना जवळ असणे यांसारखे थोडेच अपवाद त्याला आहेत. त्याशिवाय राज्याचा परकीय नागरिकांसाठीचा शस्त्र परवाना शेरीफकडून घ्यावा लागतो. त्यासाठी पासपोर्ट व व्हिसाची प्रत जोडावी लागते आणि तो दोन वर्षे चालतो. मित्राच्या आग्रहाखातर सरावकेंद्रात जाऊन पिस्तूल हातात घेण्यापूर्वीही इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण येथे झालेली चूक केवळ दंडावर भागत नाही, देशातील वास्तव्यच धोक्यात येते.

परवाना पाच वर्षे चालतो. मुदत संपण्याच्या आधीचे ९० दिवस आणि नंतरचे ९० दिवस या काळात ३२ डॉलर भरून त्याचे नूतनीकरण करता येते. मुदतीनंतर गेल्यास १० डॉलर अधिक पडतात. पिस्तूल जवळ असताना परवानाही जवळ ठेवावा लागतो. स्वतःचे घर आणि स्वतःच्या व्यवसायाची कायम जागा येथे त्याची गरज नसते. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार १ मे २०२७ पासून या राज्यात बंदूक विकत घेण्यासाठीही आधी परवानगी काढावी लागेल, आणि त्या परवानगीच्या अटीसुद्धा राज्यानेच ठरवलेल्या आहेत.