‘अप्रूव्ह्ड’ आलं म्हणजे पत्ता जुळला असं नाही

गणपती ते दिवाळी या काळात दादर, गिरगाव, पार्ल्यातल्या बऱ्याच दुकानांत परदेशातून फोन येतात. फराळाचा डबा न्यू जर्सीला पाठवा, पैठणी लंडनला पाठवा. कधी उलटही असतं: पैसे मी इथून देते, चांदीची समई मुलुंडला आईबाबांकडे पोचवा. ज्यांना बँकेने फोनवरून कार्ड घ्यायची सोय दिली आहे त्या दुकानात काउंटरवरचा माणूस नंबर टाकतो, पत्ता टाकतो, स्क्रीनवर ‘अप्रूव्ह्ड’ उमटतं आणि माल पॅकिंगला जातो. पत्ता विचारला होता, भरला होता, व्यवहार झाला, म्हणजे पत्ता बरोबर निघाला असं मालक धरून चालतो. हे धरून चालणंच महागात पडतं, कारण मंजुरी आणि पत्त्याची जुळणी ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ती एकाच निरोपात येतात एवढंच.

मंजुरीचा अर्थ अगदी मर्यादित आहे. कार्ड चालू आहे, हरवल्याची नोंद नाही, तेवढी रक्कम खात्यात किंवा मर्यादेत आहे आणि बँकेला त्या क्षणी व्यवहार अडवण्याजोगं काही दिसलं नाही. बस.

पत्त्याची जुळणी हे दुसरं काम. त्याला ॲड्रेस व्हेरिफिकेशन सर्व्हिस किंवा नुसतं एव्हीएस म्हणतात. ही पद्धत मुळात अमेरिकेत टपालाने आणि फोनवरून येणाऱ्या ऑर्डरींसाठी निघाली आणि आजही मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या बँकांच्या कार्डांवर चालते. ग्राहकाने सांगितलेला पत्ता आणि बँकेकडे बिलासाठी नोंदवलेला पत्ता यांची तुलना होते, पण सगळ्या पत्त्याची नाही. घराच्या पत्त्यातले आकडे आणि झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड), एवढंच पाहिलं जातं. ‘१२३ ओक स्ट्रीट’मधलं १२३ घेतलं जातं, ओक स्ट्रीट सोडून दिलं जातं. ब्रिटिश पोस्टकोडात अक्षरं असतात, तिथेही त्यातले आकडेच काढून घेतात. नाव तर बहुतेक वेळा तपासलंच जात नाही. (आपल्याकडे ‘खोली ७, चाळ ३, दुसरा मजला, दत्तमंदिराच्या मागे’ यातून कोणता आकडा घ्यायचा, हा प्रश्न त्या यंत्राला विचारून पाहावा.)

आता मुंबईतल्या दुकानदाराचा घोळ का होतो, तर त्याला भारतीय कार्डांची सवय आहे म्हणून. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना दुसरी ओळख सक्तीची केली आणि पुढे फोनवरच्या व्यवहारांनाही ती लागू झाली. आज ती बहुतेकांना ओटीपी म्हणून माहीत आहे. त्यामुळे इथल्या कार्डावर ‘अप्रूव्ह्ड’ आलं की पलीकडच्या माणसाने स्वतःच्या मोबाइलवर आलेला आकडा टाकलेला असतो. मंजुरीच्या आत ओळख आधीच दडलेली असते. परदेशी बँकेच्या कार्डावर ही सक्ती नाही. फोनवर नंबर सांगितला, मुदत सांगितली, कार्डाच्या मागचे तीन आकडे सांगितले की काम झालं. शब्द तोच ‘अप्रूव्ह्ड’, पण त्यामागचा ओटीपी गायब. ती जागा थोडीफार भरून काढायला एव्हीएस आहे, आणि नेमका तोच भाग पावतीवर बारीक अक्षरात किंवा गेटवेच्या (म्हणजे दुकान आणि बँक यांच्यात कार्डाचे व्यवहार नेणाऱ्या सेवेच्या) आतल्या पानावर असतो.

तिथे एक अक्षर असतं. ‘वाय’ म्हणजे घराचा आकडा आणि झिप दोन्ही जुळले. ‘एन’ म्हणजे दोन्ही नाही. ‘ए’ म्हणजे घराचा आकडा जुळला, झिप नाही. ‘झेड’ म्हणजे झिप जुळला, घराचा आकडा नाही. ‘यू’ म्हणजे बँकेकडून माहितीच मिळाली नाही. काही गेटवे अक्षरांऐवजी शब्द दाखवतात, काही अजून दोन-चार अक्षरं वापरतात, आणि काहींकडे ही सोय मागून चालू करून घ्यावी लागते. आपल्या गेटवेचा तक्ता मागवून काउंटरवर चिकटवून ठेवणं उत्तम.

खरी मेख अशी की ‘एन’ आला तरी बँक व्यवहार मंजूर करू शकते, आणि सर्रास करते. पत्ता जुळला नाही म्हणून नकार द्यायचा की नाही हे बँक दुकानदारावर सोडते. म्हणजे स्क्रीनवर हिरव्या अक्षरात ‘अप्रूव्ह्ड’ आणि खाली कोपऱ्यात ‘एन’, हे एकत्र दिसणं चूक नाही. यंत्र नीट चाललंय, निर्णय तुमचा बाकी आहे.

हा निर्णय घ्यायला वेळ हवा, म्हणून रक्कम अडवणं आणि प्रत्यक्ष उचलणं हे दोन टप्पे वेगळे ठेवावेत. आधी फक्त मंजुरी घ्यायची, पत्त्याचं उत्तर बघायचं, पटलं तर कॅप्चर करायचं, म्हणजे रक्कम उचलायची, नाही तर रद्द. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. पत्ता जुळला नाही म्हणून तुम्ही नकार दिलात तरी मंजुरी आधीच झालेली असते, आणि ती रीतसर रद्द केली नाही तर ग्राहकाच्या कार्डावर तेवढी रक्कम काही दिवस अडकून पडते. काउंटरवरच्या पोराने पत्ता थोडा बदलून तीनदा प्रयत्न केला तर तीनदा अडकते. डेबिट कार्ड असेल तर खात्यातले खरे पैसेच अडकतात. मग न्यू जर्सीतल्या एडिसनहून काकूंचा फोन येतो, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

अर्धवट जुळणीला घाबरायचं कारण नाही. नुकतंच घर बदललं आणि बँकेत पत्ता बदलला नाही, हे तिकडेही होतं. फ्लॅटचा नंबर घराच्या नंबराआधी सांगितला तरी आकडा चुकतो. आणि न्यू जर्सीचा झिप शून्याने सुरू होतो! एडिसनचा ०८८२० एक्सेलच्या तक्त्यात टाकला की तो ८८२० होऊन बसतो, तिथून कॉपी करून गेटवेत टाकला की ‘ए’ येतो आणि बिचाऱ्या प्रामाणिक गिऱ्हाइकावर संशय. मराठी माणसं न्यू जर्सीत इतकी आहेत की तो कॉलम टेक्स्ट म्हणूनच ठेवावा.

फोनवर प्रश्नही नेमका विचारावा लागतो. ‘ताई, पत्ता सांगा’ म्हटलं की ताई डबा जिथे हवा तो पत्ता सांगतात. विचारायचं असं: ‘ताई, या कार्डाचं बिल ज्या पत्त्यावर येतं तो सांगता का? आकडा आणि झिप, अगदी बिलावर आहे तसा.’ एव्हीएसचा डिलिव्हरीच्या पत्त्याशी काडीचा संबंध नाही. बिल एडिसनला आणि समई मुलुंडला, तरी ‘वाय’ येऊ शकतो. दोन पत्ते वेगळे असणं हे अमेरिकेतल्या दुकानदाराला धोक्याचं लक्षण वाटतं. आपल्याकडे सणासुदीला निम्म्या ऑर्डरी तशाच असतात, कारण मुलं तिकडे आणि आईवडील इकडे. त्यामुळे तिकडची मार्गदर्शक पत्रकं जशीच्या तशी लावू नयेत.

मग ‘वाय’ आला की निर्धास्त? तसंही नाही. चोरीला गेलेल्या कार्डांच्या याद्यांत नंबरासोबत पत्ताही असतो, आणि पाकीट मारलं गेलं तर अमेरिकेतल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर घरचा पत्ता छापलेलाच असतो. पत्ता माहीत असणं आणि माणूस तोच असणं यात अंतर राहतंच. माझा कल असा की मालाकडे बघून ठरवावं. दोन किलो चकली चोरून विकायला कोणी अमेरिकन कार्ड वापरत नाही, तिथे ‘झेड’ आला तरी पाठवा. चांदी, सोन्याचं नाणं, भारी पैठणी, म्हणजे जे दुसऱ्या दिवशी बाजारात विकता येतं, त्याला ‘वाय’ आणि मागचे आकडे बरोबर, दोन्ही हवेत. शिवाय नवं गिऱ्हाईक, मोठी रक्कम आणि ‘आजच पाठवा’ अशी घाई असेल तर तिकडच्या नंबरावर उलट फोन लावावा.

एवढी काळजी अशासाठी की कार्डधारकाने ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार केली तर समोर कार्ड नसलेल्या व्यवहारात नुकसान बहुतेक वेळा दुकानदाराच्या माथी येतं. रक्कम परत जाते, वर बँकेचा चार्ज, आणि माल तर गेलेलाच. तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत असते, म्हणजे दिवाळीच्या ऑर्डरीचं भांडण शिमग्याला दारात येऊ शकतं. तेव्हा ‘अप्रूव्ह्ड’ची पावती दाखवून फारसं काही होत नाही, कारण चोरीचं कार्डसुद्धा मंजूर होतंच. बिलाचा पत्ता पूर्ण जुळला होता आणि माल त्याच पत्त्यावर गेला, असं दाखवता आलं तर बाजू जरा बरी राहते. म्हणून ते अक्षर ऑर्डरसोबत नोंदवून ठेवा. मागचे तीन आकडे मात्र वहीत लिहून ठेवायचे नाहीत, मंजुरीनंतर ते साठवायला कार्ड कंपन्यांच्या सुरक्षा नियमांत साफ मनाई आहे. पूर्ण कार्ड नंबरही रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दुकानाने ठेवायचा नाही, आणि व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो मागवणारे अजून आहेत, त्यांनी तर हे आजच बंद करावं.

राहिली आखातातली कार्डं. दुबईत पत्ता म्हणजे बहुधा पोस्ट बॉक्स, झिप कोड नाहीच, आणि तिथल्या कार्डावर एव्हीएसचं उत्तर सहसा ‘माहिती नाही’ असंच येतं. याला ‘एन’ समजून गिऱ्हाईक परत पाठवू नका आणि ‘वाय’ समजून माल सोडू नका. तिथे फोनवर नंबर घेण्याचा हट्ट सोडून पेमेंट लिंक पाठवावी. ग्राहकाच्या बँकेने लिंकवर ओटीपी किंवा ॲपमधून खात्री करून घेतली, की खोट्या व्यवहाराची जबाबदारी सहसा त्या बँकेकडे सरकते.