जिवावरचं नखावर, तेही सात वेळा

१९४२ साल. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात वणव्यांवर नजर ठेवायला एक नवा मनोरा उभारला होता, पण त्यावर तडितरक्षक अजून बसायचा होता. वादळात आडोशाला तिथे गेलेला वनरक्षक रॉय सलिव्हन विजा पडायला लागल्यावर बाहेर पळाला आणि चार पावलांवर विजेनं त्याला गाठलंच. पायावर भाजल्याचा पट्टा उमटला, बुटाला भोक पडलं आणि अंगठ्याचं नख गेलं. जिवावरचं नखावर निभावणं म्हणतात ते हे, अगदी शब्दशः!

पुढे १९६९ ते १९७७ या काळात त्याला आणखी सहा वेळा वीज लागली. भुवया जळाल्या, खांदा भाजला, केसांनी पेट घेतला. शेवटी तर तो गाडीत पाण्याचा डबा ठेवायला लागला. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं सात वेळा म्हणायचं तर याला नशीबवान म्हणायचं की करंटा?

लोक लगेच गणित मांडतात. आयुष्यात एकदा वीज लागण्याची शक्यता साधारण १०,००० त एक धरली, तर सात वेळांसाठी तिचा सातवा घात घ्यायचा, म्हणजे एकावर २८ शून्यांत एक. आकडा भारदस्त आहे, पण साफ चुकीचा. तो शहरात कचेरीत बसणाऱ्यालाही धरून काढलेल्या सरासरीवर उभा आहे. सलिव्हनची नोकरी डोंगरमाथ्यावरची, उन्हाळी गडगडाटातली. भर वळवात उघड्या शेतात उभा असलेला माणूस आणि घरात बसलेला माणूस यांची शक्यता एक कशी असेल?

आता दुसरं गणित, जे सहसा कुणी करत नाही. अमेरिकेत वीज लागलेल्या दर १० जणांपैकी साधारण ९ जगतात. वीज थेट डोक्यावर क्वचितच पडते. बहुतेकांना ती जमिनीतून किंवा शेजारच्या झाडावरून उडी मारून लागते. थेट लागली तरी तिचा प्रवाह क्षणार्धाचा असतो आणि त्यातला बराचसा अंगात न शिरता ओल्या त्वचेवरून, कपड्यांवरून वाहून जातो. मरण येतं ते बहुधा हृदय थांबल्यामुळे. (वाचलेल्यांनाही स्मरणाचे, नसांचे त्रास वर्षानुवर्षं पुरतात, हे विसरू नये.) ०.९ चा सातवा घात काढा: ०.४८. म्हणजे सात विजा लागल्याच आहेत असं धरलं, तर त्यातून जगणं जवळपास छापा-काट्याइतकंच. विलक्षण होतं ते सात वेळा वीज लागणं, आणि त्याला सुदैव म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

मग वाचलेल्याला आपण नशीबवान का म्हणतो? नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ कार्ल हाल्वोर तायगेन यांनी नशिबाच्या याच भावनेचा अभ्यास केला. प्रसंग चांगला असावा लागतच नाही. त्याहून वाईट काहीतरी अगदी हाताच्या अंतरावर असावं लागतं. २००४ च्या त्सुनामीत सापडलेल्या नॉर्वेच्या पर्यटक कुटुंबांशी ते बोलले, तेव्हा बहुतेकांनी स्वतःला नशीबवानच म्हटलं. ज्यांच्या सहलीत लाट आलीच नाही, त्यांना मात्र आपलं सुदैव आठवायचं कारणच नसतं.

सातवी वीज लागली तेव्हा सलिव्हन मासे धरत होता. छाती-पोट भाजलेल्या अवस्थेत तो गाडीकडे निघाला, तर एक अस्वल त्याचे ट्राउट पळवायला आलं. त्यानं त्याला काठीनं हाणलं. त्याच्याच हिशेबानं, आयुष्यात अस्वलाला काठी मारायची ती बाविसावी वेळ होती.